पुस्तकातले दुःख जिवाला लागते तेव्हा

मॅगी ओफॅरेल यांची ‘हॅम्नेट’ ही कादंबरी वाचायला घेणाऱ्याला, तो मुलगा जगणार नाही हे गोष्ट सुरू होण्याआधीच ठाऊक असते. सुरुवातीच्या छोट्याशा टिपणात लेखिकेने ते सांगूनच टाकले आहे. इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड गावातल्या एका जोडप्याला तीन मुले होती. त्यांतल्या जुळ्यांपैकी हॅम्नेट हा मुलगा १५९६ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी गेला. पुढे तीन-चार वर्षांनी त्याच्या वडिलांनी ‘हॅम्लेट’ हे नाटक लिहिले. हे वडील म्हणजे विल्यम शेक्सपिअर. पण कादंबरीत त्यांचे नाव एकदाही येत नाही. कादंबरी आहे ती मुख्यतः त्या मुलाच्या आईची, अ‍ॅग्नेसची. गावाला झाडपाल्याची औषधे देणारी ही बाई. तिच्या घरात प्लेग शिरतो. आधी जुळी बहीण ज्युडिथ आजारी पडते, आणि जातो मात्र हॅम्नेट. हा मुलगा खरोखर कशाने गेला याची नोंद कुठेही नाही. प्लेग ही लेखिकेची कल्पना.

म्हणजे शेवट आधीच माहीत, माणसे सव्वाचारशे वर्षांपूर्वीची, आजार कल्पनेतला. तरीही मुलाच्या निष्प्राण देहाशेजारी आई बसते त्या पानांवर असंख्य वाचकांचे डोळे वाहिले. कादंबरी ब्रिटनमध्ये आली ती २०२० च्या मार्चअखेर, टाळेबंदी सुरू होऊन आठवडा होत होता तेव्हा. त्याच वर्षी तिला ‘विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन’ मिळाले. रुग्णालयाच्या दारातून आत गेलेले माणूस परत दिसेल की नाही, याची खात्री नसलेल्या दिवसांत लोक ती वाचत होते.

पुस्तक वाचून रडणाऱ्याकडे घरचे लोक दोन प्रकारे पाहतात. एक म्हणजे हसण्यावारी नेतात: ‘अहो, गोष्ट आहे ती!’ दुसरा प्रकार काळजीचा: ‘असली पुस्तके वाचून मनावर परिणाम होतो, बंद कर ते.’ उलट, वाचनाची महती सांगणारे अगदी दुसऱ्या टोकाला जातात. दुःखाची कादंबरी वाचली की मन मोकळे होते, माणूस संवेदनशील होतो, ताण उतरतो, असे ते सांगतात. या तिन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे आणि बरेच अर्धवटही आहे. त्यातले काय खरे, हे समजून घेण्याची गरज एवढ्यासाठी की, चुकीच्या समजुतीपायी कुणाचा आनंद हिरावला जातो, तर कुणाचा आजार पुस्तकाच्या नावावर खपून जातो आणि उपचाराविना राहतो.

गोष्ट शरीरालाही कळते

कादंबरी वाचताना मेंदूचा फक्त भाषेचा भाग काम करतो असे नाही. अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका लहान मुलाच्या दिवसाची साधी हकिकत लोकांना वाचायला दिली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले. गोष्टीतला मुलगा एखादी वस्तू हाताळतो किंवा एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो, तेव्हा वाचकाच्या मेंदूतले त्याच प्रकारच्या कामाशी संबंधित भाग अधिक सक्रिय झालेले दिसले. वाचक खुर्चीतच बसलेला असतो, पण त्याचा मेंदू त्या प्रसंगाची एक प्रकारची तालीम करत असतो.

दुःखाचा प्रसंग आला की ही तालीम स्वायत्त मज्जासंस्थेपर्यंत पोहोचते. हृदयाची गती, घाम, श्वास, आतड्यांची हालचाल अशी आपल्या इच्छेवर न चालणारी कामे ही संस्था सांभाळते. अश्रुग्रंथीला पाझरण्याचा निरोप चेहऱ्याच्या मज्जातंतूबरोबर येणाऱ्या परानुकंपी तंतूंमार्फत मिळतो. घशात आवंढा येतो, त्याचेही कारण सांगितले जाते. भावनेच्या भरात श्वास अधिक घेता यावा म्हणून स्वरयंत्राची फट रुंद होते. गिळताना मात्र ती मिटावी लागते. या ओढाताणीत घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकसल्यामुळे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे अंग ताठरणे, घाम, काटा, आवाज फुटणे, थरथर, चेहऱ्याचा रंग उतरणे, डोळ्यांत पाणी आणि शुद्ध हरपणे. आजच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ही यादी वाचली तर त्याला ती बहुतांशी स्वायत्त मज्जासंस्थेच्या लक्षणांची यादी वाटेल. खोट्या प्रसंगाने शरीर खरेखुरे हलते, हे निरीक्षण आपल्याकडे फार जुने आहे.

तेव्हा पुस्तक वाचून डोळे भरून येणे हा मनाचा कमकुवतपणा नाही, नाटकीपणाही नाही. ती निरोगी मज्जासंस्थेची प्रतिक्रिया आहे. ती कुणात लवकर उमटते, कुणात उशिरा. ज्याला रडू येत नाही तो निर्दयी असतो, असेही नाही.

खोटे ठाऊक असूनही

मग प्रश्न उरतो की, हे सगळे रचलेले आहे हे माहीत असताना असे का व्हावे? १९७५ मध्ये कॉलिन रॅडफर्ड या ब्रिटिश तत्त्वचिंतकाने टॉलस्टॉयच्या अ‍ॅना कॅरेनिनाचे उदाहरण घेऊन हाच प्रश्न विचारला. जी बाई कधी जगलीच नाही तिच्यासाठी आपण कसे रडतो? त्याच्या मते हे वागणे तर्काला धरून नाही. तत्त्वज्ञांचा त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मानसशास्त्राने मात्र एक उपयोगी शोध घेतला आहे.

थेलिया गोल्डस्टीन यांनी २००९ मध्ये लोकांच्या दोन प्रकारच्या दुःखांची तुलना केली: दुःखद चित्रपट पाहताना होणारे आणि स्वतःच्या आयुष्यातला दुःखद प्रसंग आठवताना होणारे. दुःख दोन्हीकडे होते. पण स्वतःच्या आठवणीत दुःखाबरोबर चिंताही मिसळलेली होती. कथेतल्या दुःखात ती तेवढी नव्हती. फरक इथेच आहे. प्रत्यक्ष आयुष्यात मूल तापाने फणफणले की आईबाप रडतच बसत नाहीत. रिक्षा मिळेल का, डॉक्टर भेटतील का, पैसे पुरतील का, उद्या कामावर काय सांगायचे, असे शंभर प्रश्न त्याच क्षणी उभे असतात. अ‍ॅग्नेसच्या मुलासाठी वाचकाला काहीच करायचे नसते. त्याच्यावर कसली जबाबदारी नाही, त्याच्या घरावर संकट नाही. म्हणून तो ते दुःख पुरतेपणी अनुभवू शकतो. प्रत्यक्षात ज्याला तेवढी उसंत मिळाली नव्हती, असा माणूस पुष्कळदा पुस्तकाच्या पानावर आपले जुने, राहून गेलेले रडणे पूर्ण करतो.

जर्मनीत फ्रँकफर्ट येथील माक्स प्लांक संस्थेत कलानुभवावर संशोधन करणाऱ्या विन्फ्रीड मेनिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडली. ‘ही कला आहे’ ही जाणीव आपल्याला प्रसंगापासून सुरक्षित अंतरावर ठेवते, आणि त्या अंतरामुळेच आपण दुःखाला जवळ करू शकतो, असे त्यांचे म्हणणे. हे सुरक्षित अंतर हाच या विषयातला कळीचा मुद्दा आहे. ते शाबूत असेल तर कितीही रडवणारी कादंबरी माणूस पेलतो. ते मिटले तर साधी गोष्टही त्याला बुडवू शकते.

रडून मोकळे होते का?

‘मनसोक्त रडून घे, बरे वाटेल’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. विज्ञानाचे उत्तर आहे: बरे वाटते, पण लगेच नाही आणि सगळ्यांना नाही. नेदरलँड्समधील अ‍ॅड विंगरहुट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना दोन हृदयद्रावक चित्रपट दाखवले आणि त्यांची मनःस्थिती वारंवार मोजली. जे रडले त्यांची मनःस्थिती चित्रपट संपल्या-संपल्या खालावलेली होती. वीस मिनिटांनी ती पूर्वपदावर आली. दीड तासाने मात्र ती चित्रपट पाहण्यापूर्वीपेक्षाही चांगली झाली होती. जे रडले नाहीत त्यांच्यात असा चढउतार दिसला नाही.

यातून वाचकाने घ्यायची गोष्ट सोपी आहे. कादंबरीचे जड प्रकरण संपल्यावर लगेच दिवा मालवून झोपायचा प्रयत्न केला तर आपण नेमक्या खालावलेल्या अवस्थेत पडून राहतो. झोप लांबते, विचार फिरत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी दोष पुस्तकाला जातो. त्यानंतर अर्धा-पाऊण तास दुसरे काही करावे: कुणाशी बोलावे, गॅलरीत उभे राहावे, पाणी प्यावे. मन आपले आपण वर येते.

अश्रूंतून शरीरातली ‘विषारी द्रव्ये’ बाहेर पडतात, म्हणून रडावे, असेही ऐकायला मिळते. १९८० च्या दशकात अमेरिकेतले विल्यम फ्रे यांनी कांद्याने येणारे पाणी आणि भावनेने येणारे अश्रू यांची तुलना केली, तेव्हा भावनेच्या अश्रूंत प्रथिने अधिक आढळली. तेवढ्यावरून पुढची गोष्ट रचली गेली. पण शरीर शुद्ध करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. दोन-चार थेंब अश्रूंनी त्यात काही फरक पडत असल्याचा पुरावा नाही. रडण्याचा खरा उपयोग बहुधा माणसांमधल्या नात्यांत आहे. रडणारा दिसला की दुसरा जवळ येतो. म्हणून एकट्याने उशीत तोंड खुपसून रडण्यापेक्षा, ‘हे वाचून मला भरून आले’ असे कुणाला तरी सांगण्याने अधिक हलके वाटते.

कादंबरी माणूस घडवते का?

२०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कस्टानो यांचा शोधनिबंध आला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजला. दर्जेदार साहित्यातले काही उतारे थोडा वेळ वाचलेल्या लोकांना, केवळ डोळ्यांची छायाचित्रे पाहून समोरच्याच्या मनातली भावना अधिक चांगली ओळखता आली, असा त्याचा निष्कर्ष. पुस्तकप्रेमींना तो आवडला नसता तरच नवल. पण विज्ञानात एका प्रयोगाने काम भागत नाही. २०१८ मध्ये ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले सामाजिक शास्त्रांतले २१ प्रयोग वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले, तेव्हा १३ प्रयोगांचा निष्कर्ष पुन्हा मिळाला. किड आणि कस्टानो यांचा प्रयोग उरलेल्या आठांत होता.

याचा अर्थ वाचनाचा काहीच परिणाम नाही, असाही नाही. त्याच वर्षी १४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. कथा-कादंबरी वाचल्याने दुसऱ्याचे मन ओळखण्याच्या क्षमतेत लहानशी पण खरी वाढ होते, असे त्यात दिसले. नेदरलँड्समधल्या माटेइस बाल आणि मार्टाइन फेल्टकांप यांचा २०१३ चा अभ्यास अधिक बोलका आहे. त्यांनी काही विद्यार्थ्यांना पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागो यांच्या ‘ब्लाइंडनेस’मधला भाग वाचायला दिला, काहींना वर्तमानपत्रातल्या बातम्या दिल्या. आठवड्यानंतर मोजले, तर जे कथेत पुरते बुडाले होते त्यांची सहानुभूती वाढली होती. जे कथेत शिरूच शकले नाहीत त्यांची मात्र वाढली नाही, उलट घटली.

म्हणजे पुस्तक डोळ्यांखालून घालण्याने काही होत नाही, त्यात शिरावे लागते. ‘वर्षात शंभर पुस्तके’ असले संकल्प करणाऱ्यांनी आणि मुलांच्या हातात सक्तीने पुस्तक देणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आवडत नसलेली कादंबरी अर्ध्यावर सोडणे मुळीच गैर नाही.

अंतर मिटते तेव्हा

आता दुसरी बाजू. हान्या यानागिहारा यांची ‘अ लिटल लाइफ’ ही २०१५ ची कादंबरी त्या वर्षीच्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. सातशेहून अधिक पानांची ही कथा न्यूयॉर्कमधल्या चार मित्रांची आहे. त्यांतल्या ज्यूडवर लहानपणी भयंकर लैंगिक अत्याचार झालेले आहेत. मोठेपणी तो यशस्वी वकील होतो, त्याला जिवाला जीव देणारे मित्र मिळतात, पण स्वतःला इजा करून घेणे त्याला थांबवता येत नाही. समाजमाध्यमांवर तरुण वाचकांनी हे पुस्तक वाचून रडतानाची चित्रफिती टाकल्या. काही समीक्षकांनी त्याला थोर म्हटले, तर काहींना त्यातल्या यातनांचा भडिमार असह्य आणि अनावश्यक वाटला.

वैद्यकीय नजरेतून पाहिले तर प्रश्न कादंबरी चांगली की वाईट हा नाही, वाचणारा कोण आहे हा आहे. लहानपणी असा अत्याचार सोसलेल्या, आज नैराश्यात असलेल्या किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणाऱ्या व्यक्तीसाठी त्या वर्णनांत ‘ही गोष्ट आहे’ हे अंतर उरत नाही. तिच्यासाठी ते वाचन नसते, तो अनुभव परत घडत असतो.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीत शेतीत पिचलेले कुटुंब आणि शिकूनही नोकरी न मिळालेला मुलगा आहे. शहरातल्या वाचकाला ती वाचून विदर्भातल्या शेतकऱ्याचे दुःख कळते. ज्याच्या स्वतःच्या घरात सावकाराचा तगादा चालू आहे, त्याला त्यातले वेगळे काय कळायचे? काहींना त्यात आधार मिळतो, ‘आपल्यासारखेच आणखी कुणी आहे’ असा. काहींची जखम पुन्हा उघडी पडते. कुणाला काय होईल हे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून सांगता येत नाही.

ही भीती नवी नाही. गटे यांची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ मध्ये आली. तिच्या नायकाचे अनुकरण करून तरुण जीव देतात, अशी ओरड झाली आणि लाइपझिग शहरात तिच्यावर बंदी आली. तशी लाटच आली होती, याचा भक्कम पुरावा मात्र नाही. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स यांनी ‘वेर्थर परिणाम’ हा शब्द वापरला तो आत्महत्यांच्या ठळक बातम्यांच्या संदर्भात, कादंबरीच्या नव्हे. २०१० मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी याची उलट बाजूही दाखवली. संकटात सापडलेला माणूस त्यातून बाहेर पडल्याच्या बातम्या येतात, तिथे आत्महत्या कमी झालेल्या आढळल्या. मोझार्टच्या संगीतिकेत तीन मुलांनी सावरलेल्या पापागेनोच्या नावाने तो परिणाम ओळखला जातो. गोष्टीत वेदना आहे की नाही, यापेक्षा त्या वेदनेतून वाट निघू शकते हे वाचणाऱ्याला दिसते की नाही, याला महत्त्व अधिक.

पुस्तक काढून घेण्याआधी

एखादी व्यक्ती पुस्तक वाचून रडली आणि दोन-तीन दिवस त्याच विचारात राहिली, पात्रे आठवून हळवी झाली, दुसरे पुस्तक हाती धरवेना, तर काळजीचे कारण नाही. तिचे जेवण, झोप, काम, गप्पा चालू असतात. हसण्याच्या जागी ती हसते. अशी उदासी वाहती असते, आपोआप ओसरते.

काळजी करायची ती साचलेल्या उदासीची. पुढील लक्षणे दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ राहिली तर तो कादंबरीचा परिणाम समजू नये: मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, झोप उडणे किंवा अति येणे, भूक बदलणे, थकवा, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, जगणे नकोसे होणे. हे नैराश्य असू शकते. पुस्तकाने ते निर्माण केलेले नसते. ते आधीपासून असते, पुस्तकामुळे नजरेस येते. तेव्हा पुस्तक कपाटात कुलूपबंद करून प्रश्न सुटत नाही. शेजारी बसून ‘कुठल्या पानावर एवढे भरून आले?’ असे विचारावे. थेट ‘तुला काय झाले आहे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असेच येते. पुस्तकातल्या माणसाबद्दल बोलता बोलता पुष्कळ जण स्वतःबद्दल बोलू लागतात.

बोलण्यात मरणाचा विचार डोकावला तर तो शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ‘अ लिटल लाइफ’मध्ये ज्यूडचा डॉक्टर मित्र अँडी त्याच्या जखमांवर वर्षानुवर्षे उपचार करतो, मानसोपचार घे म्हणून विनवतो, आणि ज्यूड टाळत राहतो. मित्रांचे प्रेम खरे आहे, पण प्रेम हा उपचाराला पर्याय होत नाही, हे त्या पुस्तकातून कुटुंबीयांनी शिकण्यासारखे आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची सोय असते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ या क्रमांकावरची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

घरात नुकताच मृत्यू झालेल्यांनी ‘हॅम्नेट’सारखे पुस्तक वाचावे का? याला एकच उत्तर नाही. पहिल्या काही आठवड्यांत शोक इतका जवळ असतो की बहुतेकांना ते सोसत नाही. पुढे कधीतरी तेच पुस्तक सोबत करते. स्वतःच्या मनाला विचारून वाचावे, जड गेले तर मिटून ठेवावे, आणि आग्रहाने कुणी कुणाला देऊ नये. शोकाला कालमर्यादा नाही, हे खरे. पण सहा महिने उलटूनही जर गेलेल्या माणसाची तीव्र ओढ रोजचे जगणेच थांबवत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणानुसार तो उपचार करण्याजोगा दीर्घ शोकविकार असू शकतो.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठांच्या बाबतीत. पक्षाघातानंतर किंवा मेंदूच्या काही आजारांत क्षुल्लक कारणाने, मनात तेवढे दुःख नसतानाही रडू कोसळते आणि आवरत नाही. आजोबा पूर्वी असे नव्हते, आता वर्तमानपत्र वाचतानाही हुंदके देतात, असे दिसले तर तो हळवेपणा समजून सोडून देऊ नये. त्यावर औषधे आहेत.

ज्याला काहीच वाटत नाही

रडणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. न रडणाऱ्याकडे कुणाचेच जात नाही. आयुष्यभर पुस्तकांत रमलेली व्यक्ती एकाएकी वाचन सोडते; विचारले तर म्हणते, ‘चार ओळी वाचल्या की पहिली विसरते’, ‘वाचले तरी काही वाटत नाही’. हे आळसाचे किंवा केवळ वयाचे लक्षण मानले जाते. खरे तर आवडत्या गोष्टीतली गोडी जाणे आणि मन एकाग्र न होणे ही नैराश्याची मुख्य लक्षणे आहेत. दृष्टी, थायरॉइड, झोप, स्मरणशक्ती यांचीही तपासणी अशा वेळी करायला हवी. नैराश्यावरची काही औषधे घेणाऱ्यांपैकी काहींना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात: ‘दुःख कमी झाले, पण आनंदही होत नाही, रडूही येत नाही.’ असे झाले तर औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. वाचताना पुन्हा भरून येऊ लागले, ही कित्येकदा बरे होत असल्याची खूण ठरते.

मग कादंबरी औषध आहे का? ब्रिटनमध्ये २०१३ पासून ग्रंथालयांच्या मदतीने डॉक्टर रुग्णांना पुस्तके सुचवतात. पण त्या याद्यांत भर आहे तो स्वतःला मदत कशी करावी हे शिकवणाऱ्या पुस्तकांवर. कादंबरी गोळीसारखी मोजून देता येत नाही, कारण एकाला तारणारे पान दुसऱ्याला बुडवते.

ती देते ते वेगळेच. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दुःख क्वचितच दुःख म्हणून येते. ते येते छातीत धडधड म्हणून, डोके जड म्हणून, अंगात आग, हातापायांना मुंग्या, जीव घाबरा होतो म्हणून. तपासण्या होतात, अहवाल चांगले येतात, आणि माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. त्याला त्रास खरा असतो, त्याच्याकडे त्याचे नाव नसते. मूल गेलेल्या आईचा दिवस कसा उजाडतो, अत्याचार सोसलेला माणूस प्रेमालाही का भितो, कर्जात बुडालेल्या घरात जेवताना कुणी का बोलत नाही, याची नेमकी वर्णने चांगली कादंबरी वाचकाच्या हाती देते. ती वाचलेला माणूस कधी डॉक्टरांसमोर बसून ‘छातीत दुखते’ याच्यापुढे आणखी एक वाक्य बोलू शकतो. निदानाची सुरुवात पुष्कळदा त्या एका वाक्यापासून होते.